ऑडिट ट्रेल कसा शोधायचा: लॅबमध्ये नव्याने रुजू झालेल्यांसाठी

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये मी क्वालिटीचं काम पाहते. कॉलेजच्या परीक्षा आटोपल्या की दर उन्हाळ्यात एमएस्सी केमिस्ट्री झालेली दोन-चार पोरं-पोरी आमच्याकडे रुजू होतात. पिपेट धरता येतं, टायट्रेशनचा शेवटचा थेंब ओळखता येतो, लिम्समध्ये, म्हणजे लॅबच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, रीडिंग भरणंही आठवडाभरात हाताला बसतं. गाडी अडते ती एकाच ठिकाणी. मी म्हणते, "या सॅम्पलचा ऑडिट ट्रेल काढून दाखव," आणि स्क्रीनवर साडेतीनशे ओळी येऊन पडतात. पोरगं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतं, चाळिसाव्या ओळीपाशी डोळे तारवटतात आणि थोड्या वेळाने उत्तर येतं, "मॅडम, सगळं बरोबरच दिसून राहिलं."

वर्तमानपत्रासारखा ट्रेल वरून खाली वाचला तर सगळं बरोबरच दिसतं. कशाचा शोध घ्यायचा हे ठरवून आत शिरलात तरच त्यातून काही हाती लागतं. ते कसं करायचं, एवढंच इथे सांगते. तुमच्या लॅबचं सॉफ्टवेअर वेगळं असेल, बटणांची नावं वेगळी असतील. पद्धत तीच राहते.

हे आहे तरी काय

कागदी रजिस्टरच्या काळात आम्हाला पहिल्या दिवशी एक नियम शिकवला जायचा. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, तीही अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला नवा आकडा, सही, तारीख आणि चुकीचं कारण. व्हाइटनरची बाटली लॅबच्या दारातून आत येता कामा नये. ऑडिट ट्रेल ही तीच आडवी रेघ, फक्त ती तुमच्याऐवजी सॉफ्टवेअर मारतं आणि ती टाळायची सोय तुम्हाला नसते. कोणी, कधी, कोणत्या नोंदीतलं काय बदललं, आधी काय होतं, आता काय आहे आणि का बदललं, हे सगळं त्यात आपोआप उतरतं.

नियमांचं थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामकाचा, २१ सीएफआर भाग ११ हा नियम १९९७ चा. नोंद तयार करणं, बदलणं किंवा काढून टाकणं यांची वेळेसह आपोआप नोंद राहिली पाहिजे, बदलामुळे जुनी माहिती झाकली जाता कामा नये आणि मूळ नोंद जितकी वर्षं जपायची तितकी वर्षं ट्रेलही जपायचा, असं तो सांगतो. बुटीबोरीत किंवा मिहानमध्ये निर्यात करणाऱ्या औषध कंपनीत लागलात तर हा नियम तुम्हाला झोपेतही म्हणता यावा लागेल. आमच्यासारख्या पाणी, अन्न, माती तपासणाऱ्या लॅबला एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आयएसओ १७०२५ या लॅबसाठीच्या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीवर मिळते. त्यात सॉफ्टवेअरचं नाव न घेता तेच मागितलं आहे: तांत्रिक नोंदीत दुरुस्ती झाली तर मूळ निरीक्षणापर्यंत मागे जाता आलं पाहिजे, काय बदललं, कधी आणि कोणी हे कळलं पाहिजे. घरात कोणी अकाउंटंट असेल तर त्यांना विचारा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरलाही ऑडिट ट्रेल सक्तीचा झाला, त्यामुळे टॅलीतला 'एडिट लॉग' त्यांच्या चांगलाच ओळखीचा झालाय.

आधी स्वतःचं लॉगिन तपासा

ट्रेल बघायला फक्त 'पाहण्याचा' अधिकार लागतो, बदलण्याचा नाही. तुमच्या लॉगिनला तो दिलेला नसेल तर रीतसर मागून घ्या. "तोवर माझ्या लॉगिनने बघून घे," असं एखादा सीनियर प्रेमाने म्हणेल. नम्रपणे नाही म्हणा. कारण साधं आहे: अनेक सॉफ्टवेअरमध्ये कोणी ट्रेल उघडला किंवा बाहेर काढला याचीही नोंद होते. उद्या तुमचा शोध त्यांच्या नावावर दिसेल आणि ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप, तीच पहिल्या दिवशी मोडलेली असेल.

स्क्रीन उघडण्याआधी प्रश्न कागदावर लिहा

नवीन माणूस हमखास वगळतो ती हीच पायरी. एका ओळीत लिहा: मला काय शोधायचंय? 'मे महिन्याचा ट्रेल तपासणे' हा प्रश्न नव्हे, ते काम आहे. प्रश्न असे असतात:

अमुक रिपोर्टवर छापलेला फ्लोराइडचा आकडा पहिल्यांदा भरला तेव्हाही हाच होता का? रिव्ह्यू झाल्यावर कोणी आकड्याला हात लावला का? या महिन्यात किती चाचण्या रद्द करून पुन्हा केल्या आणि पहिल्या वेळचा निकाल काय होता? पीएचच्या मर्यादा मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या सॅम्पलना लागू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, कोणी बदलल्या का?

प्रश्न लिहिला की फिल्टर आपोआप ठरतात. पहिल्या प्रश्नाला सॅम्पल नंबर पुरतो. दुसऱ्याला मंजुरीची वेळ आधी शोधावी लागते आणि मग त्यानंतरच्या ओळी. तिसऱ्याला 'बदल' हा शब्द शोधून काहीच मिळणार नाही, ते का ते पुढे येईलच. चौथ्या प्रश्नाचं उत्तर सॅम्पलच्या ट्रेलमध्ये नसतंच.

एक सॅम्पल जवळून

बोअरवेलचं पाणी घेऊ. विदर्भातल्या काही भागांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडतं, त्यामुळे ही चाचणी आमच्याकडे रोजचीच. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० आहे. त्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १.० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. आता सरावासाठी रचलेलं एक सॅम्पल, पा-०४१७. लिम्समध्ये सॅम्पल उघडून 'इतिहास' किंवा 'ऑडिट' अशा नावाच्या टॅबवर गेलात, चाचणीचं नाव फ्लोराइड निवडलं, की असं काहीसं दिसेल:

१२ मे, १५:०८. अ‍ॅनालिस्ट. नवी नोंद. निकाल: रिकामं → १.२६.
१२ मे, १६:३१. अ‍ॅनालिस्ट. बदल. निकाल: १.२६ → १.६२. कारण: टायपिंगची चूक.
१२ मे, १६:३१. सिस्टीम. बदल. शेरा: मर्यादेत → मर्यादेबाहेर.
१३ मे, १०:४५. रिव्ह्यूअर. बदल. स्थिती: रिव्ह्यू बाकी → मंजूर.

चारच ओळी, पण घाई करू नका. पहिली ओळ 'रिकामं' पासून सुरू होते, म्हणजे ही खरोखरच पहिली नोंद. दुसरी ओळ जवळपास दीड तासाने आली. २ आणि ६ ची अदलाबदल झाली, हाताने आकडा भरताना अगदी नेहमी होणारी चूक. तिसऱ्या ओळीत 'सिस्टीम' असं नाव दिसलं की नवी पोरं दचकतात, कोणी तिऱ्हाईत घुसला की काय म्हणून. तसं काही नाही. निकाल बदलल्यावर सॉफ्टवेअरने स्वतः मर्यादेशी तुलना करून शेरा पालटला, म्हणून त्याच मिनिटाची वेळ. वेळ जुळते का एवढं बघा आणि पुढे जा. चौथी ओळ मंजुरीची आणि ती बदलानंतरची आहे, म्हणजे रिव्ह्यूअरच्या पुढ्यात १.६२ हाच आकडा होता.

इथवर सगळं सरळ. पण ट्रेल एवढंच सांगतो की आकडा बदलला. १.६२ खरा की १.२६, हे सांगायची त्याची ताकद नाही. त्यासाठी उठून वर्कशीटपाशी जावं लागतं. आयन मीटरवर काय रीडिंग आलं होतं, मीटरची छापील पट्टी आहे का, स्टँडर्डची रीडिंगं कशी होती, सॅम्पल पातळ केलं होतं का? वर्कशीटवर १.६२ असेल तर 'टायपिंगची चूक' हे कारण पटलं. वर्कशीटवर १.२६ असेल, किंवा तिथेही खाडाखोड असेल, तर मग गोष्ट वेगळी.

आता हाच बदल उलटा असता तर? १.६२ चा १.२६ झाला, कारण तेच, वेळ संध्याकाळी सातची. लगेच भुवया उंचावतात आणि उंचावाव्यातच, कारण पाणी १.५ च्या बाहेरून आत आलं. पण एक ध्यानात ठेवा: मर्यादेच्या आत सरकणारे बदल तेवढे तपासायचे आणि बाहेर जाणारे 'प्रामाणिक' म्हणून सोडून द्यायचे, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे. दोन्हीकडे वर्कशीट तितक्याच काळजीने बघायचं. चुकून मर्यादेबाहेर गेलेला आकडाही एखाद्या गावाचा चालू बोअर बंद पाडू शकतो.

ट्रेल एक नसतो

आमच्याकडे यवतमाळहून आलेल्या एका मुलाने सहा-सात महिन्यांपूर्वी मला छान अडचणीत टाकलं. म्हणाला, "मॅडम, या दोन रिपोर्टांत फ्लोराइड सारखाच आहे, १.३२. एकावर 'मर्यादेत' छापलंय, दुसऱ्यावर 'मर्यादेबाहेर'. आणि ट्रेलमध्ये तर कोणी काहीच बदललं नाही. असं काहून?"

पोराचं निरीक्षण बरोबर होतं, तो फक्त चुकीच्या खोलीत शोधत होता. निकाल कोणीच बदलला नव्हता. बदलली होती ती मास्टरमधली मर्यादा. एका ग्राहकाने 'आम्हाला १.० नेच तपासून द्या' असं कळवलं होतं आणि कोणीतरी त्या ग्राहकापुरती वेगळी मर्यादा बनवण्याऐवजी सगळ्यांची मर्यादा बदलून टाकली होती. चार दिवसांनी लक्षात आल्यावर ती परत १.५ केली. त्या चार दिवसांतले रिपोर्ट वेगळे शेरे घेऊन बाहेर पडले. सॅम्पलचा ट्रेल कितीही खोदला तरी यातलं काही दिसलं नसतं.

म्हणून शोध सुरू करताना तीन जागा डोक्यात ठेवा. पहिली, नोंदीचा ट्रेल: सॅम्पल, चाचणी, निकाल, रिपोर्ट. दुसरी, मास्टरचा ट्रेल: मर्यादा, चाचणीची पद्धत, हिशेबाची सूत्रं, एककं, दशांश किती ठेवायचे ते. तिसरी, सिस्टीमचा ट्रेल: कोणी लॉगिन केलं, कोणाचा पासवर्ड तीनदा चुकला, कोणाला नवे अधिकार दिले, घड्याळ कोणी बदललं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्रेलच कोणी बंद-चालू केला का. एचपीएलसी किंवा जीसीसारखं (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं) उपकरण असेल तर त्याच्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा वेगळा ट्रेल असतो. इंजेक्शन किती झाली, पीकचं इंटिग्रेशन (आलेखातल्या उंचवट्याचं क्षेत्रफळ ठरवणं) हाताने केलं का, हे तिथे दिसतं. लिम्सला याचा पत्ताही नसतो. लिम्समध्ये येतो तो शेवटचा आकडा.

सूत्राचं उदाहरण मुद्दाम वेगळं सांगते. सॅम्पल दहापट पातळ केलं आणि डायल्युशन फॅक्टर भरायचा राहिला, तर निकाल दहापट कमी येतो. नंतर फॅक्टर १ चा १० केला की ट्रेलमध्ये निकालाची ओळ 'सिस्टीम'च्या नावाने पडते. फक्त निकालाचा रकाना फिल्टर केलात तर माणसाचा हात दिसणारच नाही. सिस्टीमने निकाल बदललेला दिसला की त्याच मिनिटाच्या आसपासच्या सगळ्या ओळी, कोणताही रकाना न वगळता, उघडून बघायच्या. खरा बदल तिथेच बाजूला बसलेला असतो.

फिल्टर लावताना

सॅम्पल नंबरने शोधताना पूर्ण नंबर आणि 'यात हे अक्षर आहे' असे दोन प्रकार असतात. शून्य, जोडरेघ आणि शेवटची रिकामी जागा यांवर निम्मा वेळ जातो. पा-०४१७ आणि पा-४१७ हे संगणकाला दोन वेगळे. काही ठिकाणी अर्धवट शोधायला * लावतात, काही ठिकाणी %. आपलं सॉफ्टवेअर कोणतं मानतं हे एकदा कोणाला तरी विचारून वहीत लिहून ठेवा. शोध रिकामा आला की 'काही नाही' असा निष्कर्ष काढायच्या आधी, जी ओळ तिथे नक्की आहे हे तुम्हाला ठाऊक आहे ती त्याच फिल्टरने सापडते का ते बघा. ती सापडली नाही तर चूक फिल्टरची.

तारखेला जपून. ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे? उपकरणासोबत आलेल्या परदेशी सॉफ्टवेअरमध्ये महिना आधी लिहिलेला सापडतो. पहिल्या बारा तारखांपर्यंत हा घोळ कळतही नाही. तेरा तारीख आली की कळतो.

वेळेचा किस्सा तर सांगायलाच हवा. मी पूर्वी ज्या लॅबमध्ये होते तिथे एका नव्या मुलीने मला धापा टाकत येऊन सांगितलं की एक अ‍ॅनालिस्ट पहाटे पावणेसहाला निकाल भरतोय आणि त्या वेळी लॅबला तर कुलूप असतं. ट्रेलमध्ये खरंच ०५:४२ लिहिलं होतं. दोन दिवस त्या बिचाऱ्याकडे सगळे वेगळ्याच नजरेने बघत होते. गेटवरच्या रजिस्टरात त्याची येण्याची वेळ ९:२० होती. मग कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला: सर्व्हर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवत होता. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे ०५:४२ ला इथे सकाळचे ११:१२ वाजलेले, चहाच्या लगेच नंतर. त्या अ‍ॅनालिस्टला आम्ही शेवटी तर्री पोहे खाऊ घातले. तेव्हापासून मी नवीन सॉफ्टवेअर हाती आलं की आधी स्वतः एक सराव-नोंद करते, मनगटावरचं घड्याळ बघते आणि ट्रेलमध्ये काय वेळ पडली ते पडताळते. यात एक मेख आहे. स्क्रीनवर स्थानिक वेळ आणि बाहेर काढलेल्या फाइलमध्ये यूटीसी असंही घडतं, त्यामुळे दोन्ही बघा. रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या मधल्या नोंदींची यूटीसीत तारीखही आदल्या दिवसाची दिसते. रात्रपाळी असेल तर तारखेचं फिल्टर एक दिवस मागून लावा.

नेटवर्कला न जोडलेल्या उपकरणांच्या संगणकांचं घड्याळ आपल्या मर्जीने चालतं. आमच्या एका जुन्या स्पेक्ट्रोफोटोमीटरचा संगणक लिम्सच्या सात मिनिटं पुढे होता. म्हणजे लिम्समधला निकाल रीडिंगच्या आधी भरल्यासारखा दिसायचा. एका दुसऱ्या उपकरणावर याच्या उलटंही झालंय. प्रत्येक उपकरणाच्या घड्याळाचा फरक महिन्यातून एकदा लिहून ठेवा. मे महिन्यात लाइट गेली, यूपीएसनेही मान टाकली, की संगणक पुन्हा चालू झाल्यावर घड्याळ आधी बघा.

आता तो 'बदल' शब्द. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये निकाल पुसून टाकायची सोयच नसते आणि ते बरंच आहे. पण त्याच कामाला इतर वाटा असतात: चाचणी 'रद्द', निकाल 'रिपोर्टमध्ये नको', सॅम्पल 'नाकारलं', 'पुनर्चाचणी', क्रोमॅटोग्राफीत 'पुन्हा प्रोसेस'. पहिला निकाल जागचा हलत नाही, त्याच्या शेजारी दुसरा उभा राहतो आणि रिपोर्टवर दुसराच छापला जातो. अशा वेळी ट्रेलमध्ये 'बदल' एकही नसेल आणि तरी आकडा बदललेला असेल. म्हणून क्रियेच्या रकान्यात काय काय शब्द येतात त्यांची यादी एकदा काढा आणि हे सगळे शब्द एकेक करून शोधा. माझ्या मते नवीन माणसाने सगळ्यात आधी हेच शिकावं. महत्त्वाच्या गोष्टी मला साध्या बदलांपेक्षा इथेच जास्त सापडल्या आहेत.

कारणाच्या रकान्यावरही शोधता येतं, पण तिथे भाषेची गंमत आहे. आमच्याकडे कोणी 'टायपिंग मिस्टेक' लिहितं, कोणी 'चुकून', कोणी 'चूकीने' अशा दीर्घ ऊकाराने, कोणी रोमन लिपीत मराठी. एका शब्दाने शोधलं तर चौथा हिस्साही हाती येत नाही. कारण निवडायला यादी दिली असेल तर उलटा त्रास: यादीत वरचं जे असेल तेच सगळे निवडतात. मी महिन्यातून एकदा कारणांची मोजणी करते. एकाच अ‍ॅनालिस्टच्या नावावर 'टायपिंगची चूक' चाळीसदा दिसली तर मी आधी त्याच्या टेबलावरचा कीबोर्ड आणि भरायचा फॉर्म बघते. एकदा खरंच नंबरपॅडची ३ ची कळ अडकत होती.

बाहेर काढताना

स्क्रीनवर दिसणाऱ्या ओळींना काही सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा असते. खाली 'पुढे' असं बटण किंवा एकूण ओळींचा आकडा असतो, तो बघितल्याशिवाय मोजू नका. फाइल काढताना दोन प्रती काढा. पुराव्यासाठी पीडीएफ, ज्यावर कोणत्या फिल्टरने, कोणी आणि कधी काढली हे छापलेलं असावं. चाळणीसाठी सीएसव्ही. सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये डबलक्लिक करून उघडू नका. एक्सेल पुढची शून्यं खातं आणि ०३-०५ अशा सॅम्पल नंबराची तारीख करून टाकतं. आधी कोरी शीट उघडा, 'डेटा' मधून फाइल आत घ्या आणि त्या रकान्याला 'टेक्स्ट' सांगा. एक्सेलमधली प्रत ही तुमची कच्ची वही समजा. ती रिपोर्टला जोडायची नाही.

किती वेळा बघायचं

महिनाअखेरीस एकदम, हा सगळ्यात वाईट मार्ग. तोवर रिपोर्ट ग्राहकाकडे गेलेले असतात. एफडीएच्या डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक कागदातही अपेक्षा हीच आहे की नोंद तपासणाऱ्यानेच त्या नोंदीतल्या बदलांचा ट्रेल सोबतच बघावा. आम्ही असं वाटून घेतलंय: रिपोर्ट मंजूर करण्याआधी त्या सॅम्पलचा नोंदींचा ट्रेल, दर आठवड्याला मास्टरचा, महिन्याला सिस्टीमचा. आठवड्याचं काम शुक्रवारी दुपारी ठेवू नका. जेवणानंतर पावणेतीनशे ओळी कोणालाही सारख्याच दिसतात.

सापडलं की काय लिहायचं

संशय मनात ठेवा आणि कागदावर फक्त दिसलं ते लिहा. 'अमुकने निकाल फिरवला' असं वाक्य लिहिलंत की पुढची चौकशी सुरू होण्याआधीच संपली. असं लिहा: 'पा-०४१७, फ्लोराइड, १२ मे, १६:३१ ला १.२६ चा १.६२ झाला. नोंदवलेलं कारण टायपिंगची चूक. वर्कशीट पान ३८ वर मीटरचं रीडिंग १.६२. जुळतं.' जुळत नसेल तर 'जुळत नाही' लिहून थेट क्वालिटी मॅनेजरकडे द्या. त्या अ‍ॅनालिस्टशी तुम्ही स्वतः बोलायला जाऊ नका. भला माणूसही दचकून काहीतरी चुकीचं बोलून बसतो. कोणते फिल्टर लावले, किती ओळी आल्या, किती उघडून बघितल्या हेही लिहा. काही सापडलं नाही तरी लिहा. एनएबीएलचे असेसर येतात तेव्हा ते ट्रेल आहे का एवढं विचारून थांबत नाहीत, तो कोणी बघितला आणि त्यातून काय निघालं हे दाखवायला सांगतात.

सरावाला एक दुपार

आयटीवाल्यांकडे लिम्सची टेस्ट प्रत मागा. चालू लिम्समध्ये प्रयोग करायचे नाहीत. तिथे एक खोटं सॅम्पल तयार करा आणि त्याच्याशी पाच वेळा खोडसाळपणा करा: निकाल बदला, डायल्युशन फॅक्टर बदला, चाचणी रद्द करून पुन्हा करा, मंजुरीनंतर रिपोर्ट परत उघडा आणि शेवटी मास्टरमधली मर्यादा हलवा. प्रत्येकाची वेळ वहीत लिहा. मग शेजारच्याला फक्त सॅम्पल नंबर द्या आणि पाचही शोधायला सांगा. पहिले दोन-तीन त्याला चहा निवायच्या आत सापडतील. पाचव्यासाठी तो सॅम्पलच्याच ट्रेलमध्ये घुटमळत बसला असेल तर लगेच सांगू नका, थोडा वेळ शोधू द्या.